उजनीत कायाक, मोटर आणि पंख्यातली तंगूस

"किती पळती?"

उजनी धरणाच्या काठी कुगावला गाडीच्या टपावरून कायाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती छोटी होडी, उतरवून तिच्या बगलेला मोटर अडकवली की हा प्रश्न ठरलेला. उत्तर ऐकून माणसं हिरमुसतात. ताशी पाच-सहा किलोमीटर, म्हणजे झपझप चालणाऱ्या माणसाइतकं. १२ फुटी कायाकचा पाण्याला टेकलेला भाग ११ फुटांच्या आसपास असतो. तेवढ्या लांबीची होडी ताशी ८ किलोमीटरच्या पुढे रेटायला गेलं की ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायची धडपड करते. मग मोटर दुप्पट मोठी लावली तरी बॅटरी तेवढी लवकर संपते, वेग जेमतेम हलतो. ट्रोलिंग मोटर, म्हणजे बॅटरीवर चालणारी ही छोटी मोटर, पळायला नसतेच. गळ टाकून बसल्यावर होडी एका जागी धरायला आणि वारा सुटल्यावर परत यायला ती असते.

सोलापूर ते टेंभुर्णी, मग जेऊर, चिखलठाण, कुगाव. पहाटे चारला निघालं की उजाडताना पाण्यावर. रस्त्याबद्दल एवढंच सांगण्यासारखं आहे की कॅरिअरवर सोलापुरी चादरीची चौपदरी घडी घालून कायाक पालथी ठेवा आणि पट्टा मर्यादेत आवळा. एप्रिलच्या उन्हात पॉलिथिलीन मऊ पडतं आणि पट्ट्याखाली खड्डा उतरतो. तो पुन्हा उन्हात ठेवल्यावर बराचसा भरून येतो, पण पूर्ण नाही.

मोटर ३० पौंड जोराची आहे. जाणकार हिशेब असा करतात: दर १०० पौंड वजनाला २ पौंड जोर. माणूस, कायाक, बॅटरी, मोटर, गळ, पाण्याच्या बाटल्या मिळून १४० किलो, म्हणजे साधारण ३०० पौंड. हिशेबाने ६ पौंड पुरतात. बाकीचा सगळा जोर वाऱ्यासाठी राखीव. तरी लोक ५५ पौंडाची घेतात आणि तिथूनच घोळ सुरू होतो. ५५ पौंडाची मोटर पूर्ण जोरावर ५० अँपिअरच्या आसपास ओढते. ५० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतल्या बीएमएसची (बॅटरी सांभाळणाऱ्या आतल्या सर्किटची) मर्यादाही बऱ्याचदा ५० च असते. पंख्यात जरा जलपर्णी आली, प्रवाह मर्यादेपलीकडे गेला, की बीएमएस सगळंच बंद करतो. आधी मंद होणं वगैरे काही नाही, एकदम शुकशुकाट. ३० पौंडाची मोटर ३० अँपिअरवर थांबते आणि त्याच बॅटरीवर दीड तास पूर्ण जोराने चालते. तिसऱ्या गतीवर माझ्या मीटरला १५ च्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे तीन तासांहून थोडं जास्त. त्यातला एक तास जायचा, एक यायचा, उरलेल्याला हात लावायचा नाही.

ई-रिक्षाची शिशाची बॅटरी स्वस्त पडते, मान्य. पण ती पंचवीस-तीस किलोची, वर निम्म्याच्या खाली उतरवली तर आयुष्य घटतं. लिथियमची सहा किलोची. तिची एकच खोड: व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहतं, त्यामुळे व्होल्टमीटर बघून किती उरली ते कळत नाही. शंट (प्रवाह मोजायची पट्टी) बसवलेला, अँपिअर-तास मोजणारा मीटर लावा. आणि चार्जर लिथियमचाच, १४.६ व्होल्टवर थांबणारा. घरच्या इन्व्हर्टरला तिला जोडू नका.

मागे मोटर आणि माणूस, म्हणून बॅटरी पुढच्या कप्प्यात. त्यामुळे तार लांबते, जाऊन-येऊन सहा मीटर. १० चौरस मिमी तांब्याची तार घेतली तर ३० अँपिअरला तिसरा हिस्सा व्होल्ट गळतो, तेवढा चालतो. ४ चौरस मिमीची घेतली तर पाऊण व्होल्टहून जास्त गळतो आणि तार गरम होते. बॅटरीच्या धन टोकापासून वीतभराच्या आत ४० अँपिअरचा ब्रेकर हवा. घरातल्या एसी प्रवाहाचा एमसीबी इथे चालत नाही. डीसीची ठिणगी आपोआप विझत नाही, आतले संपर्क जळतात. सोलर पंप बसवणाऱ्यांकडे डीसी एमसीबी मिळतो. त्यावर धन-ऋणाच्या खुणा असतील तर त्याप्रमाणेच जोडा, उलटा जोडला तर ऐन वेळी ठिणगी तोडत नाही. तारेची टोकं बॅटरीवाल्याकडच्या हायड्रॉलिक पकडीने दाबून घ्या. घरच्या पक्कडीने दाबलेलं टोक (लग) पहिल्या महिन्यात सैल होतं.

बसणीचं काम अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका फॅब्रिकेटरकडे झालं. सीटच्या मागे आडवी ८ मिमी अॅल्युमिनियमची पट्टी, उजव्या टोकाला इंचभर जाड सागवानी ठोकळा, कारण मोटरच्या शिकंज्याला चावायला लाकूड लागतं. एम-८ स्टेनलेस बोल्ट, आतून ३ मिमीची आधारपट्टी, नायलॉक नट. स्टेनलेसवर स्टेनलेस कोरडं आवळलं तर आटे एकमेकांत घट्ट बसतात आणि मग कापूनच काढावे लागतात. म्हणून बोटभर ग्रीस. भोकांत सिलिकॉन भरू नका, पॉलिथिलीनला ते चिकटत नाही, पापुद्र्यासारखं निघून येतं. ब्यूटाइल टेप आणि रबरी वॉशर बरे. पंख्याची वरची कड पाण्याखाली वीतभर हवी, नाहीतर तो हवा ओढतो आणि नुसता घुसळतो. मोटर उजवीकडे असली की नाक डावीकडे वळत राहतं. दांडा जरा तिरका करून चावी आवळली की सरळ जातं.

आता पंख्यात जाळं अडकलं त्या दिवसाचं. सकाळी सात ते दहा पाणी काचेसारखं होतं, चिलापी बऱ्यापैकी लागली, अडीच तासांत तक्रारीला जागा नाही. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये जायला लागलं की जुन्या गावठाणांच्या भिंती, विहिरींचे काठ आणि बाभळीची खोडं हात-दोन हात पाण्याखाली दबा धरून असतात. उजनीतल्या ११७ टीएमसीपैकी ६३ टीएमसी मृतसाठा. मायनस म्हणजे त्या साठ्यातलं पाणी. पलीकडे इंदापूर तालुक्यात पाण्यात बुडालेलं पळसदेवचं देऊळ बाहेर आलं की अलीकडेही मोटर अर्धी उचलून चालवायची वेळ आली असं समजा.

खोडं टाळली आणि जाळ्यात गेलो. सरळ माझी चूक. जाळ्याच्या दोन्ही टोकांना पाण्याच्या रिकाम्या बाटल्या तरंगत होत्या. मी दोन बाटल्यांच्या मधून गेलो, म्हणजे बरोबर जाळ्यावरून. मीटरचा आकडा १५ वरून २८, ३५, आणि खटकन ब्रेकर पडला. इथे लोक पहिली चूक करतात: ब्रेकर पुन्हा वर करून मोटर उलटी फिरवतात. त्याने तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, सुटत नाही. ती पंख्यामागे दांड्यावर आणखी घट्ट बसते, घर्षणाने वितळते आणि दांड्याच्या सीलमध्ये शिरते. सील गेलं की मोटरमध्ये पाणी, आणि पाणी गेल्याचं पुढच्या खेपेपर्यंत कळतही नाही.

दुसरी चूक म्हणजे मागे वाकून पंख्यात हात घालणं. कायाक तिथेच उलटते. आधी कनेक्टर ओढून वेगळा करायचा, नुसत्या ब्रेकरवर भरवसा नाही. मग मोटर शिकंज्यातून सोडवून मांडीवर घ्यायची. म्हणूनच ती सीटच्या मागेच हवी, पार शेपटाला नको. पंख्याचा नट काढण्याआधी मांडीवर टॉवेल पसरा. नट, वॉशर आणि पिन स्टेनलेसचे, चुंबकाला चिकटत नाहीत, उजनीच्या गाळात गेले की गेले. माझा वॉशर तसाच गेला. नट वाचला. पिन मधोमध कातरली होती. तिचं कामच ते आहे, दांडा आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा गाभा) वाचवायचं. तिच्या जागी खिळा ठोकून आलेले लोक मी पाहिले आहेत. पुढच्या खोडाला खिळा तुटत नाही, दांडा वाकतो. दोन जादा पिना, एक नट, एक पान्हा, सगळं एका दोरीत ओवून सीटला बांधलेलं असतं. वॉशर मात्र जादाचा नव्हता.

तोवर जाळ्याचे मालक होडी वल्हवत आले. तंगूस कापताना माझा चाकू बघून म्हणाले, "थांबा, जाळं कापू नगा. इकडं द्या." पंखा उलटा धरून त्यांनी तंगुशीचं एक टोक दातात धरलं आणि वेढा वेढ्याने उकललं, वीस-पंचवीस वेढे, एकही न तोडता. पाच मिनिटं लागली असतील. मला चाकूने दहा लागली असती आणि जाळ्याला भोक पडलं असतं ते वेगळंच. "बाटलीच्या बाहेरनं जावा," एवढंच म्हणाले. फाटलेल्या दोन खणांचे पैसे देऊ केले, तर घेतले नाहीत. चिलापी मात्र बघितली आणि हसले. त्यांच्या होडीतल्या मरळीपुढे तिची किंमत नव्हती.

या सगळ्यात अकरा वाजले आणि पश्चिमेकडून वारा सुटला. उजनीच्या रुंद पात्रात वाऱ्याला आडवं काही नाही, पंधरा मिनिटांत पाण्यावर पांढरे शेंडे दिसायला लागतात. २०२४ च्या मे महिन्यात याच पट्ट्यात, कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी होडी वादळी वाऱ्यात उलटून सहा जण गेले. लाइफ जॅकेट काठावरच घालून चेन लावायची, बसायला नाही घ्यायचं. साध्या ट्रोलिंग मोटरला बहुधा आपत्कालीन बटण नसतं. माणूस पडला तर कायाक एकटी निघून जाते. म्हणून कनेक्टरला दोरी बांधून तिचं दुसरं टोक जॅकेटला. पडलो तर जोड सुटतो, मोटर थांबते.

येताना वाऱ्याला नाक थोडं तिरकं ठेवून चौथ्या गतीवर, मीटरवर २०-२२. जाताना पंचवीस मिनिटं लागली होती, येताना पन्नास. वल्ह्याने आलो असतो का? कदाचित. खांदे मात्र नकोच म्हणाले असते.

काठावर चहाचीही टपरी नव्हती. कडक भाकरी, शेंगाची चटणी, कोमट पाणी.

घरी आल्यावर पंखा पुन्हा काढला. सीलच्या ओठाशी काळी पडलेली, वितळलेली तंगुशीची बारीक कडी राहिली होतीच, साधारण दोन इंचाची. टाचणीने काढली, चाकूने नाही, सीलचा रबर चिरतो. मग २०० लिटरच्या निळ्या पिंपात पाणी भरून पहिल्या गतीवर दहा मिनिटं चालवली. आत पाणी गेलं असतं तर आवाज घोगरा येतो आणि रिकाम्यानेच अँपिअर चढतात. आकडा नेहमीच्याच जागी होता.

आता पानाच्या विड्याएवढ्या डबीत चार पिना, दोन नट आणि सहा वॉशर आहेत.