सायलेन्सरची लांबी चुकली ती गरम हवेमुळे

ओहायोतल्या एका छोट्या विमानतळावर भाड्याच्या हँगरमध्ये मी दोन आसनांचं आरव्ही-७ विमान बांधतो आहे. नाकात नेहमीचं लायकमिंग कंपनीचं पिस्टन इंजिन नाही, माझदाचं १३बी रोटरी आहे, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन. दोन रोटर, प्रत्येकी ६५४ सीसी. शेपूट साखळीने बांधून ते पहिल्यांदा सुरू केलं तेव्हा एक्झॉस्टला नुसत्या दोन आखूड नळ्या होत्या. अर्ध्या मिनिटात बंद केलं. कानात बोळे होते, तरी आवाज छातीत लागत होता. सायलेन्सर काढलेली बुलेट निदान ठोके मोजत जाते; हा आवाज कापड फाडल्यासारखा सलग येतो.

कारण इंजिनाच्या रचनेतच आहे. पिस्टन इंजिनात व्हॉल्व्ह हळूहळू उघडतो. रोटरीला व्हॉल्व्हच नाही. रोटरच्या टोकाची सील भोकाच्या कडेवरून सरकली की वाट एकदम मोकळी होते आणि अजून दाब असलेला, ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला वायू बाहेर आदळतो. शाफ्टच्या प्रत्येक फेरीला प्रत्येक रोटरचा एक स्फोट, म्हणजे मिनिटाला ६००० फेऱ्यांवर सेकंदाला २०० ठोके. चार सिलिंडरचं लायकमिंग २७०० फेऱ्यांवर ९० ठोके देतं, आणि आपला कान ९०पेक्षा २००ला जास्त तिखट आहे. त्यातून माझ्या गिअरबॉक्सचं प्रमाण २.८५ असल्यामुळे विमानाचा पंखा (प्रोपेलर) जेमतेम २१०० फेऱ्यांनी फिरतो. पंखा शांत, त्यामुळे एक्झॉस्ट उघडा पडतो.

आधी रेसिंगच्या गाड्यांचा, आत काचतंतू भरलेला सायलेन्सर लावला. काही तासांच्या चालवण्यातच तंतू मागून उडून गेले आणि आवाज होता तिथेच आला. आत आडव्या पट्ट्या असलेला मिळत होता, तो घेतला नाही. पट्टी तुटून नळीत अडकली तर हवेत असताना ताकद जाते, आणि तेवढी जोखीम मला कोणत्याही शांततेसाठी नको होती.

मग स्वतःच बनवायचं ठरवलं: सरळ जाणारी छिद्रांची नळी आणि तिच्याभोवती रिकामा डबा. पत्रा ३२१ स्टेनलेसचा. त्यातल्या टायटॅनियममुळे वेल्डच्या कडेचा पत्रा तापून-निवून कमकुवत होत नाही. अशा डब्याची लांबी आवाजाच्या लहरीच्या लांबीच्या पाव भागाएवढी धरली की तो ठोका सर्वांत जास्त दबतो. आवाजाचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ठोके २००, म्हणून लांबी ४३ सेंटीमीटर. तेवढा डबा वेल्ड करून घेतला, बसवला. फरक अगदी किरकोळ. वेल्ड गळतंय का, छिद्रं कमी पडली का, यात दोन शनिवार-रविवार गेले.

एका संध्याकाळी उशिरा इंजिन चालवत होतो. अंधारात तो डबा लालभडक दिसला आणि तिथेच चूक कळली. ३४३ हा आकडा खोलीतल्या हवेचा होता. ७०० अंशांच्या वायूत आवाज सेकंदाला सुमारे ६२५ मीटर पळतो, म्हणजे डबा ७८ सेंटीमीटरचा हवा होता. शाळेत शिकलेलं सूत्र, तापमानाच्या वर्गमुळाचं, आणि मी ते वापरलंच नव्हतं!

एवढा लांब डबा काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या झाकणाखाली, मावत नाही. तो पोटाखालून मागे न्यावा लागला. वजन वाढलं, त्याच्या आणि धडाच्या पत्र्यामध्ये उष्णतारोधक ढाल आली, नळी तापून लांबते म्हणून सरकणारा सांधा आला, केबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आला. आतला मार्ग सरळ ठेवल्यामुळे उलटा दाब मात्र वाढला नाही. रोटरीच्या बाबतीत हे फार जपावं लागतं, कारण अडलेला जळका वायू ताज्या मिश्रणात मिसळतो.

नवा डबा लावून इंजिन चालवलं तेव्हा बायको कुंपणापाशी उभी होती. फोनवरच्या डेसिबल अ‍ॅपवर माझा विश्वास नाही. मोठ्या आवाजाला फोनचा माईकच दबतो. म्हणून तिला एवढंच विचारलं होतं की काय ऐकू येतं ते सांग. इंजिन बंद केल्यावर ती म्हणाली, "आज पहिल्यांदा पंख्याचा आवाज वेगळा कळला."

पूर्ण थ्रॉटलला वरच्या पट्टीतली धार अजून आहे. तिच्यासाठी शेपटाकडे दुसरा, लहान डबा लावणार आहे, आणि त्याची लांबी तिथल्या नळीचं तापमान मोजूनच ठरवणार आहे.