तुम्ही विचारलंत म्हणून: एक नाव सांगायला मला इतका वेळ का लागतो

"एखादा चांगला मांगा सुचव ना." मांगा म्हणजे जपानी कॉमिक्स. महिन्यातून दोन-तीनदा तरी कोणीतरी हे विचारतं. विचारणाऱ्याला एक नाव हवं असतं आणि मी उलट प्रश्न करत बसते. सध्या कसं चाललंय? जवळचं कोणी आजारी आहे का, कोणी गेलंय का? गोष्ट अपुरी राहिली तर चालेल का? मग समोरून दुसरा प्रश्न येतो. हे सगळं लिहितेय ते त्या दुसऱ्या प्रश्नासाठी: "एवढ्या चौकशा कशाला? कॉमिक्सच तर वाचायचंय."

कोणी म्हणतं हिला भाव खायचाय. कोणी म्हणतं, आपण वाचतो ते सगळ्यांना झेपणार नाही असं हिला वाटतं. मला याचा राग येतो. मी अनेकांना वाचायला लावलंय, माझी पुस्तकं वर्षानुवर्षं लोकांच्या घरी पडून आहेत, मी कधी हिशेब ठेवला नाही. मालकी गाजवणारी बाई असं करत नाही.

आणि त्या 'कॉमिक्सच'मधला 'च' मला बोचतो. 'बेअरफूट गेन' हेही कॉमिक्सच आहे. हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा ते काढणारे केइजी नाकाझावा सहा वर्षांचे होते. शाळेच्या भिंतीचा आडोसा मिळाला म्हणून ते वाचले. वडील, बहीण आणि धाकटा भाऊ कोसळलेल्या घराखाली अडकून गेले. १९७३ मध्ये त्यांनी ही गोष्ट काढायला घेतली ती मुलांच्या साप्ताहिकात. त्यात भांडणारी, मस्ती करणारी, गाणी म्हणणारी पोरं ज्या रेषेनं काढली आहेत, त्याच रेषेनं अंगावरची कातडी लोंबत असलेली माणसं काढली आहेत. नुसतं मुखपृष्ठ बघून हे दहा खंड कोणाच्या हातात ठेवायचे का?

कादंबरीत जड मजकूर आला तर डोळा त्यावरून घसरू शकतो. चित्रांच्या पुस्तकात ती सोय नाही. पान उलटलं की समोरची दोन्ही पानं एकदम दिसतात, पहिली चौकट वाचायच्या आत शेवटची डोळ्यांत शिरलेली असते. चित्रकाराला वाचकापासून काही लपवायचं असेल तर ते पान उलटण्याच्या पलीकडेच लपवावं लागतं. आणि एकदा दिसलेलं न दिसलेलं करता येत नाही.

वरून बघून काही कळतही नाही. 'शोनेन', 'सेइनेन' हे शब्द लोक गोष्टीचा प्रकार म्हणून वापरतात, पण मुळात त्यातून एवढंच कळतं की ज्या मासिकात किंवा साप्ताहिकात ते छापून आलं त्याचा वाचक मुलगा होता की मोठा माणूस. 'गुडनाइट पुनपुन'चा नायक एका साध्या रेघोट्यांच्या पक्ष्यासारखा दिसतो, लहान मुलानं वहीत काढावा तसा. इनिओ असानोच्या त्या तेरा खंडांनी माझे कित्येक आठवडे काळे केले होते. 'व्हॅगाबाँड' २०१५ पासून थांबलेलं आहे. 'बर्सर्क' काढणारे केंतारो मिउरा २०२१ मध्ये गेले, आता त्यांचे सहकारी एका जुन्या मित्राच्या देखरेखीखाली ते पुढे नेत आहेत. 'वन पीस' १९९७ पासून चालू आहे आणि शंभर खंड कधीच ओलांडलेत. म्हणून 'अपुरं चालेल का' विचारते. यात कसला आलाय भाव?

हे झालं सगळ्यांना सांगण्यासारखं कारण. खरं कारण माझी मावसबहीण आहे.

मी पूर्वी कोणाला काहीच विचारत नसे आणि काहीच सांगत नसे. पुस्तक हातात द्यायचं, "वाच" म्हणायचं, बास. मलपृष्ठावरचा मजकूरसुद्धा वाचू नका म्हणायचे. गोष्ट आधी सांगणं म्हणजे चोरी, असं माझं पक्कं मत होतं आणि त्यावरून मी लोकांशी भांडले आहे. पुढे मी एका पुस्तकाची गोष्ट सांगणार आहे, शेवटासकट. तात्सुकी फुजिमोतोचं 'लूक बॅक' वाचायचं राहिलं असेल तर इथेच थांबा, वाचून परत या. दीडशेच्या आत पानं आहेत, एका बैठकीत होतं.

फुजिनो ही शाळेच्या वार्तापत्रात चार चौकटींची चित्रकथा काढणारी मुलगी. क्योमोतो तिच्याच इयत्तेतली, पण शाळेत न येणारी, खोलीबाहेर न पडणारी. तिची चित्रं शेजारी छापून येतात आणि फुजिनोला कळतं की ही आपल्यापेक्षा फार पुढे आहे. पुढे शाळा संपल्याचं प्रमाणपत्र द्यायला फुजिनो तिच्या घरी जाते, बंद दाराबाहेर सहज चार चौकटी काढते आणि तो कागद निसटून दाराखालून आत जातो. क्योमोतो धावत बाहेर येते. ती हिची भक्त असते. दोघी मिळून मांगा काढू लागतात. पहिले पैसे मिळतात तेव्हा शहरात जातात, गर्दीतून फुजिनो पुढे आणि तिचा हात धरून क्योमोतो मागे. पुढे क्योमोतो चित्रकला शिकायला वेगळी होते आणि तिच्या कॉलेजात घुसलेला एक माणूस तिला मारून टाकतो. फुजिनो त्याच दारासमोर बसून म्हणते की मी हिला बाहेर काढलं नसतं तर ही जिवंत असती.

माझ्या मावसबहिणीची मैत्रीण अपघातात गेली त्याला तेव्हा दोन महिने झाले होते. बहीण बोलत नव्हती, कॉलेजला जात नव्हती. मावशी मला म्हणाली, "तुझं ऐकते ती. काहीतरी दे तिला वाचायला." मी 'लूक बॅक' दिलं.

असं का केलं, हे मी मोडतोड न करता सांगायचा प्रयत्न करते. मैत्रीण गेलेल्या मुलीला मैत्रीण गेलेल्या मुलीची गोष्ट द्यावी, त्यातून तिला रडता येईल, असा विचार मी केला होता. निदान तेव्हा मी स्वतःला तसं सांगितलं. पण मी ते पुस्तक नुकतंच वाचलं होतं आणि त्यानं मला इतकं धरून ठेवलं होतं की कोणाशी तरी त्याबद्दल बोलल्याशिवाय मला राहवत नव्हतं. त्यातली ती शब्द नसलेली पानं, टेबलाशी बसलेल्या फुजिनोची पाठ, तीच खोली, तीच खुर्ची आणि खिडकीबाहेर बदलत जाणारे ऋतू. मला हे दुसऱ्या कोणीतरी पाहिलेलं हवं होतं. ती समोर होती. मावशीनं मागितलं होतं. दिलं. नेहमीप्रमाणे काही न सांगता. सुरुवातीला शाळा, चित्रं, हसू येईल अशा चौकटी, म्हणजे तिनं अगदी निर्धास्तपणे पानं उलटली असणार.

तिसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "ताई, तुला कोणी सांगितलं?"

मला कळेना. म्हटलं, "काय सांगितलं?"

"मीच तिला बोलावलं होतं ते."

त्या दिवशी मैत्रिणीला बाहेर पडायचं नव्हतं. बहिणीनं हट्ट करून तिला बोलावलं होतं, आणि ती येत असतानाच ते झालं. हे तिनं घरात कोणालाही सांगितलं नव्हतं. दोन महिने ती ते एकटीनं घेऊन बसली होती. आणि तिला वाटलं की घरात हे सगळ्यांना कळलंय, आपल्या मागे बोलणं झालंय आणि आपल्याला समोरासमोर कोणी विचारत नाही म्हणून ताईनं निवडून हे पुस्तक पाठवलंय. ती म्हणाली, "हात धरून गर्दीतून नेते ते पान पाहिलं आणि मला वाटलं, तू मला दाखवतेयस."

मी म्हटलं, "अगं नाही, मला काहीच माहीत नव्हतं. पुस्तक चांगलं आहे म्हणून दिलं."

हे अगदी खरं होतं आणि त्या क्षणी याहून वाईट उत्तर मला सापडलं नसतं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "चांगलं आहे म्हणून?" आणि फोन ठेवला.

पुढचे काही महिने ती माझ्याशी फक्त कामापुरतं बोलली. मी तिला दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा बराचसा मजकूर माझा हेतू कसा चांगला होता याबद्दलच होता. आता तो वाचवत नाही.

तर, माझ्या चौकशा तिथून सुरू झाल्या. पण त्यांचा उपयोग होतो का? पूर्वीची मी अजून माझ्यात आहे आणि ती सारखी वाद घालते. ती म्हणते, तू तेव्हा शंभर प्रश्न विचारले असतेस तरी बहिणीनं ती गोष्ट सांगितली नसती. ज्यांना खरंच काही झालेलं असतं ते 'सगळं ठीक आहे' म्हणतात. मग प्रश्न विचारून तू वाचवतेस कोणाला? फक्त स्वतःला. 'मी विचारलं होतं' असं म्हणायची सोय करून ठेवतेस. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

ती आणखीही एक म्हणते. त्या फोनमुळेच तर बहीण पहिल्यांदा ते बोलली. दोन महिने मावशीला, डॉक्टरांना, कोणालाही न सांगितलेलं वाक्य तिनं त्या पुस्तकामुळे उच्चारलं. हे मलाही सुचलं होतं, फोन ठेवल्यावर तासाभरातच. आणि इतक्या लवकर सुचलं म्हणूनच मला त्याचा भरवसा वाटत नाही.

मधल्या काळात मी दुसऱ्या टोकाला गेले होते. जिरो तानिगुचीचं 'अ डिस्टंट नेबरहूड' एका मैत्रिणीला देताना मी सगळं आधीच सांगून टाकलं. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस अचानक आपल्या चौदाव्या वर्षात परत जातो, त्याच वर्षात ज्या वर्षी वडील घर सोडून गेले होते, आणि या वेळी तरी त्यांना थांबवता येईल का, या एका प्रश्नावर ते सगळं पुस्तक उभं आहे. मी तिला उत्तरही सांगितलं, धक्का बसू नये म्हणून. तिनं वाचलं, "छान आहेत चित्रं" म्हणाली आणि परत दिलं. तिला त्या धक्क्याची काही भीती नव्हती. मीच तिच्या वाट्याचं पुस्तक वाचून टाकलं.

आता मी काय करते? गोष्ट सांगत नाही, पण घाव कुठे आहे ते सांगते. यात मरण आहे. यात शाळेतला छळ आहे. ही लांब आहे, ही अपुरी आहे. कोणाचं मन नुकतंच काही सोसून आलं असेल तर मी 'योत्सुबा' देते. त्यात एक लहान मुलगी आहे आणि तिला रोज काहीतरी पहिल्यांदा दिसतं, एवढंच. पुष्कळांना ते पोरकट वाटतं. मला ते फार अवघड काम वाटतं. आणि उजवीकडून डावीकडे वाचायचं हे आधीच सांगते. जुन्या काही भाषांतरांत वाचकाच्या सोयीसाठी पानं आरशासारखी उलटी छापत, मग सगळी माणसं डावखुरी व्हायची आणि अंगावरचा किमोनो प्रेताला नेसवतात त्या बाजूनं दुमडलेला दिसायचा.

बहीण आता बरी आहे. बोलते, हसते, माझ्याशी भांडतेसुद्धा. पुस्तक तिनं परत दिलेलं नाही आणि मी मागितलेलं नाही. गेल्या महिन्यात तिनंच विषय काढला. म्हणाली, "मी ते अधूनमधून वाचते. शहरात जातात तिथपर्यंत. पुढे नाही."

मला तेव्हा जे म्हणायचं होतं ते मी तोंडात धरून ठेवलं. पुढेच तर ते आहे गं. पुढे फुजिनो तो चार चौकटींचा कागद फाडते, त्याचा तुकडा दाराखालून जातो आणि दुसराच एक भूतकाळ उघडतो. त्यात लहानपणी दोघींची भेट होत नाही, कोणी कोणाला बाहेर काढत नाही. तरी क्योमोतो स्वतःच्या पायांनी बाहेर पडते आणि त्याच कॉलेजात जाते. फुजिनोनं बोलावलं म्हणून काही झालेलं नव्हतं. मी ते पुस्तक तिला दिलं तेव्हा माझ्या नकळत मी तिला हेच देत होते, असं मला आता वाटतं. की हेसुद्धा मी नंतर रचलंय, माहीत नाही.

"तू सगळं वाचलंयस ना एकदा?" एवढंच विचारलं.

"हो," ती म्हणाली. "पण ते खोटं आहे ना, ताई. तो दुसरा भाग. तो तिनं मनात काढलाय."

मी "हो" म्हणाले. नंतर कितीतरी वेळ मला वाटत राहिलं की "नाही" म्हणायला हवं होतं.