गाभा-पापुद्रे प्रकल्प: शिरेसकट चकती निघाली!

निघाली एकदाची! कुजत कुजत कांद्यासारखे पापुद्रे सुटलेला बेसाल्टचा (काळ्या दगडाचा) गोल टोळ, म्हणजे धोंडा, कापून त्याची अखंड चकती काढायची होती. ताज्या गाभ्यापासून बाहेरच्या मुरमापर्यंत सगळे पापुद्रे जागच्या जागी, आणि ती पांढरी शीर या कडेपासून त्या कडेपर्यंत सलग.

मागच्या वेळी काही जणांनी सुचवलं होतं, की पापुद्रे सोडून दे, नुसता गाभा काप. पण या टोळाचं सगळं मोल त्या शिरेत आहे. सासवडकडच्या एका विहिरीच्या खोदकामातून शेतकरीकाकांनी तो अख्खा काढून दिला. झिओलाइटची (बेसाल्टच्या भेगांत साठणारं खनिज) शीर गाभ्यातून निघते आणि कुजलेल्या थरांत तशीच पुढे जाते. दगड ओढ्यात घरंगळून गोल झाला असता, तर शीर गाभ्याच्या कडेलाच संपली असती. म्हणजे गोलाई आली ती जागेवरच. खडकाच्या सांध्यांतून (भेगांतून) पाणी मुरलं, मधल्या ठोकळ्याच्या कोपऱ्यांवर तीन बाजूंनी, कडांवर दोन बाजूंनी आणि सपाट अंगावर एकाच बाजूने काम करत गेलं. कोपरे आधी गेले.

आता घोळाबद्दल. ब्लेडवर पाण्याची धार धरून कापलं की बाहेरचे पापुद्रे हातात चिखल होऊन येत. ब्लेडची थरथर कारणीभूत असेल असं वाटत होतं, म्हणून प्रत्येक थराचा तुकडा वेगवेगळ्या ग्लासात पाण्यात टाकला. गाभ्यालगतचा तुकडा ढिम्म. मधल्याच्या कडा सुटल्या. सर्वांत बाहेरचा बुडबुडे सोडत बघता बघता तळाशी बसला. थरथरीचा प्रश्नच नव्हता. बेसाल्टमधली काच आणि ऑलिव्हीन, पायरॉक्सीन ही खनिजं कुजून स्मेक्टाइट गटातली चिकणमाती झालेली, आणि ती पाणी पिऊन फुगते. त्यामुळे पांढरा सुतारी गोंदही बाद, कारण तोही पाण्यातलाच. रॉकेलची धार सोडा असंही कोणी म्हणालं होतं. ग्राइंडरच्या ठिणग्यांजवळ रॉकेल? अजिबात नको.

राहिलं अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवलेलं पॅरालॉइड बी-७२, म्हणजे ठिसूळ वस्तू घट्ट करायला वापरतात ती अ‍ॅक्रिलिक राळ. त्यानेही छळलं. दाट द्रावण लावलं की अ‍ॅसिटोन भराभर उडतं आणि राळ सोबत पृष्ठभागावर ओढून आणतं. वर कडक कवच, आत भुगा. शिवाय पावसाळी हवेत थंड पडलेल्या पृष्ठभागावर बाष्प बसून पांढरट साय धरते. शेवटी जमलं ते असं: टोळ दिव्याखाली पूर्ण सुकवला, २ ते ३ टक्क्यांचं पातळ द्रावण ड्रॉपरने शोषेल तितकं पाजलं, आणि वाळायला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला, म्हणजे अ‍ॅसिटोन सावकाश उडतं. हे पुन्हा पुन्हा. अ‍ॅसिटोन चांगल्या प्रतीचंच घ्या. एका दुकानातून ‘तेच आहे’ म्हणून मिळालेल्या थिनरमध्ये राळ विरघळलीच नाही, गोळे झाले. वास पूर्ण गेल्यावरच कोरडा डायमंड ब्लेड, उघड्यावर, मास्क लावून, थांबत थांबत.

चकतीवर १० पट भिंग धरलं आणि बराच वेळ उठवेना. दुसऱ्या-तिसऱ्या पापुद्र्यात लोह गंजून सगळं तांबूस-पिवळं झालंय, नखाने ओरखडा उठतो, तरी प्लॅजिओक्लेज या फिकट खनिजाच्या काड्या गाभ्यात दिसतात तशाच दिसतात! ऑलिव्हीनच्या जागी मात्र नुसते तांबडे ठिपके. कुठलं खनिज आधी कुजतं याचा १९३८ मध्ये भूवैज्ञानिक गोल्डिचने मांडलेला क्रम हाच: ऑलिव्हीन सर्वांत आधी जातं.

दुसरी अर्धी बाजूही रविवारी पॅरालॉइडमध्ये भिजवणार होते. पण हे लिहिताना सुचलं: काड्यांची ठेवण मोडलेली नाही आणि शिरेची जाडीही पापुद्र्याच्या आत तेवढीच आहे, म्हणजे आकारमान जवळपास तेच राहून वस्तुमान मात्र पाण्याबरोबर निघून गेलंय. मग प्रत्येक थराचा तुकडा वाळवून, मेणाचा पातळ लेप देऊन, हवेत आणि पाण्यात वजन करून घनता काढता येईल. गाभा दर घन सेंटिमीटरला २.९ ग्रॅमच्या आसपास यावा. बाहेर जाता जाता आकडा जितका उतरेल, तितका दगड विरघळून गेला. भेगांची पोकळी यात येऊ नये म्हणून तुकडे एकाच पापुद्र्याच्या आतले हवेत. राळ मुरली तर वजन फसवं येईल, त्यामुळे ती अर्धी बाजू आता कोरडीच ठेवतेय. ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा, खाली हुक असलेला काटा कोणाकडे असेल तर कळवा.