आमची वाटचाल : चुकीच्या उत्तरांचा धंदा

लातुरात आमचं मूळ काम शाळांच्या प्रश्नपत्रिका टाइप करून छापून देण्याचं. मार्च २०२० मध्ये शाळांना कुलूप लागलं आणि छपाई बसली. ओळखीचे एक गुरुजी म्हणाले, ‘पोरांना मोबाइलवर सोडवता येईल असं काहीतरी करून द्या की.’ तिथून डिजिटल वर्कशीट सुरू झाल्या. तिसरी ते पाचवीचा परिसर अभ्यास आधी, सहावी-सातवीचं सामान्य विज्ञान मागाहून.

बाजारातल्या तयार वर्कशीट चाळल्या, तर बहुतेक इंग्रजीवरून उतरवलेल्या. हिवाळा म्हटलं की बर्फाचा माणूस! औशाच्या पोरानं त्याचं काय करायचं? शिवाय उत्तर चुकलं की लाल फुली, एवढंच. पोरगं दुसरा पर्याय दाबतं, मग तिसरा. विज्ञान आलं कुठं त्यात?

आमची निम्मी मेहनत चुकीच्या उत्तरांवरच जाते. ‘बी रुजायला काय काय लागतं?’ या पानावर पाणी, हवा, ऊब, माती, खत अशी चित्रं आहेत. लागेल ते ओढून टोपलीत टाकायचं. शेतकऱ्याची पोरं माती आणि खत बिनधास्त टाकतात. त्यात त्यांचं चुकतं असंही नाही, घरी तेच बघतात. तिथं आम्ही फुली दाखवत नाही. पडद्यावर प्रश्न येतो : ‘आई मटकी भिजवून फडक्यात बांधते. तिला मोड येतात, तेव्हा फडक्यात माती असते का?’ पुढचं पान उघडायचं तर मटकी बांधून, मोड पट्टीनं मोजून, लांबी मिलिमीटरमध्ये भरावी लागते. काही कार्टी अंदाजपंचे आकडा ठोकतात. म्हणून आता सगळ्यांचे आकडे बाईंच्या पडद्यावर एकाखाली एक दिसतात. पहिल्याच दिवशी वीस मिलिमीटरचा मोड आला की वर्गच हसतो.

टायपिंग आम्ही काढूनच टाकलं. ‘बाष्पीभवन’ लिहिताना पोरं ‘ष्प’पाशी अडायची आणि तास कीबोर्डातच संपायचा. आता शब्द उचलून जागेवर ठेवायचा. इंटरनेटचा भरवसा नाही म्हणून फाइली पेन ड्राइव्हवरून टॅबमध्ये टाकतो. वीज गेली तरी टॅबची बॅटरी तास निभावून नेते.

पैशाचं म्हणाल तर खासगी शाळा वर्षाची वर्गणी जूनमध्ये देतात. एका संस्थेचं बिल अडकून पडलंय, असो. जिल्हा परिषदेच्या आमच्याकडच्या शाळांत टॅब लोकवर्गणीतून आलेत, त्यांना दर कमी ठेवलाय. तिथले शिक्षक वर्कशीटमधल्या चुका काढून पाठवतात. ते काम पैसे देऊनही कुणी इतक्या मनापासून केलं नसतं.

सध्या चुंबकाचं पान चालू आहे. सुरुवात मांजरा नदीच्या वाळूत चुंबक फिरवण्यापासून. काळे कण चिकटतात, ते बेसॉल्ट या काळ्या खडकातल्या लोहखनिजाचे. आधी चुंबकावर प्लॅस्टिकची पिशवी चढवा, ही सूचना पडद्यावर ठळक टाकलीय, नाहीतर ते कण निघता निघत नाहीत.