सासवडची बारस

द्वादशी, सकाळचे साडेदहा

आत्याच्या माजघरात चटईवर बसून लिहितेय. मांड्या इतक्या आखडल्यात की मघाशी मोरीपर्यंत भिंत धरत गेले. बाहेर टाळ वाजताहेत. माऊलींचा मुक्काम आजही सासवडलाच आहे. कालचं सगळं आजच लिहून ठेवते, नाहीतर ऑफिसला गेल्यावर "वारी छान झाली" एवढंच उरेल.

पुणे ते सासवड म्हणजे पालखीच्या वाटेवरची सगळ्यात लांब चाल, तीस किलोमीटरच्या वर. शेवटी दिवे घाट. आणि हा टप्पा येतो नेमका एकादशीला. पहाटे साडेचारला चहा आणि एक केळं, एवढ्यावर मी भवानी पेठेतून निघाले. हडपसरला, जिथून तुकोबांची पालखी लोणीच्या रस्त्याला लागते आणि माऊलींची सासवडच्या, तिथे द्रोणातून साबुदाण्याची खिचडी वाटत होते. दोन घास खाल्ले आणि द्रोण शेजारच्या बाईंना दिला. वडकीला विसावा झाला तेव्हाही भूक नव्हती. खरंच नव्हती. उलट अंग हलकं झाल्यासारखं वाटत होतं, आणि तो हलकेपणा मला भक्तीचा वाटला. पाणी मात्र भरपूर पीत होते, बाटलीमागून बाटली.

घाट अर्धा चढून झाला होता. खाली मस्तानी तलाव दिसत होता, रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या, सगळा घाट "माऊली, माऊली" म्हणत होता. आणि मला त्या गजराचा राग आला. शेजारून चालणाऱ्या मुलाचा टाळ कानात खुपायला लागला. ज्या क्षणासाठी वर्षभर वाट पाहिली, त्याच क्षणी मला सगळे नकोसे झाले होते. मग मानेवर गार घाम आला. बाटलीचं झाकण लावायला गेले तर आटे जुळेनात. बोटं नुसती थरथरत होती.

मागून एक आजी आल्या, परभणीकडच्या. त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, झाकण लावलं आणि विचारलं, "सकाळपासून काय खाल्लंस माय?"

म्हटलं, "आजी, उपास आहे."

"उपास मलाबी हाय. म्हनून उपाशी ऱ्हायचं का?"

पदराची गाठ सोडून त्यांनी माझ्या तळहातावर गुळाचा खडा आणि चार शेंगदाणे ठेवले. गूळ पदराच्या उबेने मऊ झाला होता, त्याला दाण्याचं एक लाल साल चिकटलं होतं. "चावून खा. गिळू नको." मी ते संपेपर्यंत त्या थांबल्या, मग आणखी चार दाणे दिले. आळंदीपासून त्यांचं हेच चाललं होतं: प्रत्येक विसाव्याला थोडंसं काहीतरी. इतक्या वर्षांच्या वारीत त्यांनी एकही एकादशी मोडली नव्हती आणि एकदाही त्या घाटात बसल्या नव्हत्या.

घाटमाथ्यावरच्या वैद्यकीय तंबूत साखर तपासली तेव्हा 64 भरली. गूळ-दाणे खाऊनसुद्धा. 70च्या खाली गेली की कमी म्हणायची. डॉक्टरांनी ओआरएस दिलं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासून मगच उठू दिलं. म्हणाले, "घामातून मीठ जात होतं आणि तुम्ही नुसतं पाणी ओतत होतात, म्हणून डोकं दुखतंय." पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हे प्रमाण मी शाळेत पाठ केलं होतं. गेल्या वीस वर्षांत ते कधी स्वतःसाठी आठवलं नाही.

तरतरी आली, पण तेवढ्यावर भागलं नाही. रात्री आत्याने भगर आणि दाण्याची आमटी पुढे ठेवली आणि मला वासानेच मळमळलं. दिवसभर न खाल्लेलं पोट एकदम ताट पाहून मिटतं. अर्धी वाटी कशीबशी गेली. अडीच वाजता छातीत धडधडून जाग आली; आता मात्र कडकडून भूक लागली होती. आत्या उठली, काही न विचारता दूध गरम केलं, दोन खजूर दिले आणि मी पिऊन होईपर्यंत ओट्याला टेकून उभी राहिली.

सकाळी सातला बारस सोडली. मऊ भात, वरण, तूप, मीठ, लिंबाची फोड. ताट वाढायचं सोडून आत्याने लहान वाटीत दिलं. "सावकाश खा. दोन तासांनी परत देते." पहिला घास गिळला आणि मला रडू आलं. किती साधी गोष्ट, आणि काल मी ती स्वतःला नाकारली होती. नऊ वाजता मुगाचं धिरडं आणि दही. स्नायूंमधला साखरेचा साठा पुन्हा भरायला दिवसभर तरी लागतो, आणि झालेली झीज भरून यायला डाळ, दूध, दाणे असं काहीतरी पोटात जावं लागतं. हे मला माहीत होतं. लेकीच्या कबड्डीच्या सामन्यांच्या दिवशी मीच तिच्या डब्यात दाण्याचे लाडू घालते.

कालपासून एकच गोष्ट मनात घोळतेय. मी उपास धरलाच नव्हता. मी जेवायचं टाळलं आणि त्याला उपासाचं नाव दिलं. आजींच्या चार दाण्यांत जो नेम होता, तो माझ्या रिकाम्या पोटात नव्हता.

त्रयोदशी, सकाळ

जेजुरीपर्यंत चालायचं ठरवलं होतं. नाही गेले. दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आणखी वाढतं, तसंच झालंय. जिना आडवं होऊन उतरावा लागला. डोकं मात्र मोकळं आहे आणि काल रात्री सलग आठ तास झोपले.

आत्याने आणि मी काल संध्याकाळी किलोभर दाणे भाजून गुळात लाडू वळले. दिंड्या निघाल्या तेव्हा कोपऱ्यावर परात घेऊन उभी राहिले. परभणीच्या आजी काही दिसल्या नाहीत. प्रत्येक लाडू हातावर ठेवताना मी विचारत होते, "माऊली, सकाळपासून काही खाल्लंत का?"