दोनची गोळी

दुपारी तीनच्या सुमारास फोन आला. ‘सिस्टर, मालक गेले,’ काकू एवढंच बोलल्या. फोन तसाच चालू राहिला. मागं शेजारच्या यंत्रमागांची खडखड.

मी सोलापुरात पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बऱ्या न होणाऱ्या आजारात दुखणं हलकं करण्याचं काम करणारी नर्स आहे. हे घर पूर्व भागातलं. काका जन्मभर मागावर राबले, तंबाखूनं तोंडाचा कॅन्सर झाला. काकू विड्या वळतात. मांडीवर सूप घेऊन त्यांच्या उशाशीच बसायच्या. मजुरी हजार विड्यांमागे मिळते. बसल्या जागी घर चालवायचं तर तंबाखूच. यावर मी कधी बोलले नाही. काय बोलणार?

दुखणं दाबणाऱ्या मॉर्फिनच्या गोळ्या पहिल्यांदा नेऊन दिल्या, तर काकूंनी दोन दिवस डब्यातच ठेवल्या. ‘ही गोळी चालू झाली की माणूस संपला’ असं कुणीतरी सांगितलेलं. काका रात्रभर कण्हत होते. मग खाली बसून सगळं नीट सांगितलं. दहा मिलिग्रॅमची एक गोळी पाण्यात विरघळवून नाकातल्या नळीतून द्यायची, दर चार तासांनी, दुखणं उठायच्या आत. रात्री दहाला दोन, म्हणजे मध्यरात्री उठायला नको. पोट साफ होण्याचं औषध रोज. त्यानंतर काकूंनी एक वेळ चुकवली नाही. नात वहीत खुणा करायची. तिसऱ्या दिवशी काकांनी खुणेनं रेडिओ लावायला सांगितला.

मी पोचले तेव्हा दारात चपलाच चपला. काकूंनी सगळ्यांसमोर विचारलं, ‘दोनला मीच गोळी दिली. पावणेतीनला गेले. माझ्या गोळीनं गेले का ओ?’

दीर माझ्याकडं बघत होते.

म्हटलं, नाही काकू. सकाळी मी आले तेव्हाच पाय गार पडले होते, श्वास थांबून थांबून येत होता, घशात घरघर होती. तीच गोळी, तेवढीच, तीन आठवडे चालू होती. त्यांनी मान हलवली, पण पटलेलं दिसेना. मग मी वही उघडून पुढं ठेवली. रोज पाच वेळा, पाच खुणा. काकू बोट ठेवून मोजायला लागल्या, विड्या मोजतात तशा, तोंडातल्या तोंडात, तेलुगूत. शेवटच्या पानापर्यंत मोजलं. कुठंही खूण जास्त नव्हती. मगच रडल्या.

चूक माझी होती. गोळीबद्दल सगळं सांगितलं, पण यातली कुठली तरी एक शेवटची असणार आणि ती तुमच्याच हातची असणार, हे सांगितलं नव्हतं. आता पहिल्याच दिवशी सांगते. काही घरांत ते ऐकून शांतता पसरते, एकदा तर मला चहाही विचारला नाही.

दहाव्यानंतर मी भेटायला गेले, तेव्हा काकूंनी उरलेल्या गोळ्या आणून दिल्या. 2014 मध्ये अमली पदार्थांचा कायदा अशा औषधांसाठी थोडा सैल झाला, तरी या गोळ्यांचा हिशोब लागतोच. विडीच्या दोऱ्यानं पुडी बांधलेली.

‘तेवीस आहेत,’ म्हणाल्या. ‘तुम्ही पण मोजून घ्या.’