दुबईहून सोलापूरला निघणाऱ्यांनी आधी मुंबई ते बाळे या टप्प्याचं बघा

हे जुलै २०२० मधलं, करोनाच्या टाळेबंदीतलं लिखाण आहे, यातले नियम, भाव आणि गाड्या तेव्हाच्या. मुद्द्याचं आधी सांगतो. दुबईत अडकलेल्या आपल्या लोकांना दिवसरात्र विमानाचीच काळजी असते. विमान आज ना उद्या मिळेल. पण मुंबईपासून सोलापूरपर्यंतचे, म्हणजे शहराच्या वेशीवरच्या बाळ्यापर्यंतचे, चारशे किलोमीटर कोणाच्या गाडीने, जिल्हा ओलांडायच्या कोणत्या पासवर आणि किती पैशांत जाणार, हे पक्कं झाल्याशिवाय तिकीट काढू नका. मी जूनमध्ये आलो. आता घरी बसून हे लिहितोय, कारण मागे राहिलेल्यांचे रोज फोन येतात आणि प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं.

मी दुबईच्या अल रास भागात घाऊक किराणा-मसाल्याच्या दुकानात कामाला होतो. भारताने १९ मार्च २०२० ला जाहीर केलं की २२ मार्चपासून परदेशातून येणारी प्रवासी विमानं बंद, एका आठवड्यासाठी. आठवड्याचाच प्रश्न म्हणून आमच्या खोलीतलं कोणी हललं नाही. २५ तारखेला दुबईनेही विमानं थांबवली. ३१ मार्चला अल रास सील झालं. अल रास, पाम देरा आणि बनियास स्क्वेअर, तिन्ही मेट्रो स्टेशनं बंद. त्यापाठोपाठ ४ एप्रिलपासून सगळ्या दुबईत चोवीस तासांची बंदी आली. बेडस्पेसच्या, म्हणजे फक्त खाट भाड्याने मिळते तशा खोलीत एकावर एक खाटा, संडास एक, आणि खाली रस्त्यावर फवारणीच्या गाड्या. खाण्याचे हाल झाले नाहीत, सरकारी डबे वेळेवर येत होते, हे मान्य करायलाच हवं. त्रास होता तो बिनपगारी रजेच्या कागदाचा. मालकाने सही करायला सांगितली. तिथल्या मंत्रालयाच्या मार्च महिन्याच्या आदेशात बिनपगारी रजेला आणि पगारकपातीला वाट ठेवलेली आहे, पण ती दोघांच्या संमतीने. ज्यांच्यासमोर असा कागद येईल त्यांनी आधी तो वाचावा, तारीख घालावी आणि फोटो काढून ठेवावा. परतीच्या विमानासाठी नोंदणी करताना आणि नंतर हिशोब मागताना तोच कागद कामाला येतो.

वंदे भारतची, म्हणजे अडकलेल्यांना परत आणायच्या सरकारी मोहिमेची, पहिली विमानं ७ मे रोजी उडाली, दोन्ही केरळला. आपण महाराष्ट्रवाले बघत बसलो. दूतावासाच्या संकेतस्थळावर नाव नोंदवल्याशिवाय काही होत नाही आणि नोंदवलं म्हणजे लगेच होतं असंही नाही. नोकरी गेलेले, आजारी, गरोदर बाया, म्हातारी माणसं यांना आधी घेतात, आणि ते बरोबरच आहे. फॉर्ममध्ये कारण गोलमाल लिहू नका. 'घरी जायचं आहे' एवढ्यावर कोणी बघत नाही. रजेचं पत्र, औषधोपचाराचा कागद, जे असेल ते त्यात स्पष्ट लिहा. तिकिटासाठी मधल्या माणसाला पैसे देण्याची गरज नाही. यादीत नाव चढवून देतो म्हणणारे आमच्या इमारतीतही फिरत होते. त्यांना दारातूनच परत पाठवा.

विमानप्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मास्क, सॅनिटायझर तुम्ही आणालच, वरचं प्लास्टिकचं कवच ते देतात.

सिमचं मात्र नीट ऐका. भारतातलं सिम चालू नसेल तर मुंबईत उतरल्यावर तुम्ही आंधळे. आरोग्य सेतू ॲप ओटीपी मागतं, ई-पासलाही (जिल्हा ओलांडायचा पोलिसांचा परवाना) मोबाइल नंबर लागतो. आमच्या विमानातली किती तरी माणसं दुबईचं सिम हातात धरून दुसऱ्याच्या फोनसाठी विनवण्या करत होती. घरच्यांना आजच रिचार्ज करायला सांगा. सिम बंद पडलं असेल तर घरच्यांच्या नावाचं दुसरं सिम कुरिअरने मागवता येतं का बघा, नाहीतर घरातल्या कोणाला तरी फोन हातात घेऊन बसवा आणि त्याच्या नंबरवर पास काढा.

मे २०२० अखेरच्या नियमाप्रमाणे सात दिवस स्वखर्चाने हॉटेलात आणि पुढचे सात दिवस घरी. मुंबईत डाव्या हातावर शिक्का मारतात. हॉटेलची यादी दाखवतात तेव्हा दर विचारताना जेवणासकट आणि करासकट किती, असं विचारा आणि ते लिहून घ्या. दिरहम विमानतळावर मोडू नका. दुबईतूनच घरच्या खात्यावर पाठवा, वीस रुपयांच्या आसपास भाव मिळतो. हॉटेलातले दिवस बरे गेले, झोप झाली. निघताना हॉटेलकडून मुक्काम पूर्ण केल्याचं सही-शिक्क्याचं पत्र घ्या. ते विसरलात तर पुढे फार हाल आहेत.

आता खरा टप्पा. रेल्वेचा विचार डोक्यातून काढून टाका. १ जूनपासून मुंबईहून बंगळुरूला उद्यान एक्सप्रेस विशेष गाडी म्हणून धावते, ती सोलापूरवरूनच जाते, पण राज्यातल्या राज्यात तिकीट देत नाहीत. गाडी आपल्या गावातून जाणार आणि आपण तिच्यात बसायचं नाही. एसटीही जिल्ह्याबाहेर सामान्य प्रवाशांसाठी नाही. राहिली खासगी गाडी, आणि ई-पास.

आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एका गाडीवाल्याची जाहिरात फिरत होती: मुंबई ते सोलापूर घरपोच, अकरा हजार, पासची काळजी नको. फोनवर अतिशय गोड बोलला. गाडीचा नंबर पाठवला, त्यावर मी पास काढला. पासवर गाडीचा नंबर, ड्रायव्हरचं नाव, तारीख, माणसं, सगळं असतं. ठरलं होतं पहाटे पाचला निघायचं. गाडी आली दुपारी बाराला, आणि तीही दुसरीच. ठरलेली गॅरेजला गेली म्हणे. ड्रायव्हरही दुसरा. "पास फक्त दाखवायचा असतो साहेब, नंबर कोण बघतंय?" असं त्याने सांगितलं. हॉटेलची खोली सोडलेली, सामान पायऱ्यांवर, पाऊस चालू.

बघतात. उजनीजवळ जिल्ह्याच्या हद्दीवर पोलिसाने बॅटरी घेतली, पासवरच्या नंबरवर बोट ठेवलं, मग खाली वाकून गाडीच्या पाटीवरचा चिखल पुसला आणि एकेक आकडा ताडून बघितला. "पास या गाडीचा नाही. गाडी मागे घ्या." त्याचं काही चुकलं नाही. आषाढी तोंडावर होती, यंदा पायी वारी नाही, पालख्या एसटीने नेणार, त्यामुळे टेंभुर्णीवरून पंढरपूरकडे वळू शकणाऱ्या प्रत्येक गाडीची चौकशी चालली होती. ड्रायव्हर गाडीतून उतरलाच नाही. मी पासपोर्ट दाखवला, हातावरचा शिक्का दाखवला, हॉटेलचं पत्र दाखवलं. दोन तास भिजत उभा होतो. शेवटी त्यांच्या साहेबांनी पत्र वाचलं, वहीत माझा सोलापूरचा पत्ता आणि फोन लिहून घेतला आणि सोडलं. त्या पत्रामुळेच सुटलो.

वरवड्याचा टोल आला तसं ड्रायव्हरने तोंड उघडलं. वेळ वाया गेला, त्याचे पाच हजार जास्त. टोल वेगळा, खालापूरपासूनचे सगळे. शिवाय सोलापूर शहरात येणार नाही, तिथे रोज माणसं मरताहेत, परत जाताना मलाच कोंडून ठेवतील. सावळेश्वर टोलच्या अलीकडे त्याने गाडी बाजूला घेऊन बंदच केली. रात्रीचे साडेआठ, नऊनंतर संचारबंदी, धाबे बंद, माणूस दिसत नाही. मी पैसे दिले. सोळा हजार अधिक टोल, आणि उतरवलं बाळ्यात. फोनवर मित्र विचारत होता, "कुठंपर्यंत आलास बे? आम्ही बाळ्यातच थांबलालाव." छोटा हत्ती घेऊन दोघं उभे होते, सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. दुपारपासून पोटात काही नव्हतं. तिथेच अंधारात उभ्याउभ्या खाल्ली, आणि ते खाताना मला पहिल्यांदा खरोखर आलो असं वाटलं.

त्या माणसाकडून पैसे परत मिळणार नाहीत, दोनदा फोन केला, तो उचलत नाही. म्हणून स्पष्ट लिहितो. मुंबईची गाडी घेऊच नका. सोलापूरहून एमएच-१३ पाटीची, ओळखीच्या माणसाची गाडी बोलवा. येण्याजाण्याचं भाडं द्यावं लागलं तरी बारा-तेरा हजारांत भागतं, आणि तो माणूस तुम्हाला मोहोळात सोडून पळत नाही, कारण त्याला याच गावात राहायचं आहे. पास त्यालाच जातायेता काढायला सांगा. त्याच्या गाडीत ड्रायव्हर सोडून दोनच माणसं बसणार, सामान त्या हिशोबाने आणा. दुबईवाल्यांची ती दोरी बांधलेली खोकी या वेळी मागे ठेवा. मुंबईची गाडी घ्यावीच लागली तर पाटी आणि पास ताडल्याशिवाय सामान डिकीत ठेवू नका, आणि अर्ध्याहून जास्त पैसे बाळे ओलांडेपर्यंत देऊ नका. पहाटे निघा. दुपारी निघालात तर संचारबंदीत सापडणार, आणि ड्रायव्हरला नेमकं तेच हवं असतं. खायला सोबत घ्या, हायवेवर पार्सलशिवाय काही मिळत नाही.

घरच्या सात दिवसांबद्दलही खरं बोलूया. आमचं घर सोलापूरच्या पूर्वभागात, एक खोली आणि पुढे पडवी. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळायची. संडास चार घरांत एक. अशा घरात वेगळं राहता येत नाही, फॉर्मवर काहीही लिहा. मी मित्राच्या अक्कलकोट रोडवरच्या रिकाम्या खोलीत राहिलो आणि तसं महापालिकेच्या आरोग्य केंद्रात सांगितलं. त्यांनी पत्ता बदलून घेतला, कोणी रागावलं नाही. आई डबा पायरीवर ठेवून जायची. शहरातला पहिला रुग्ण एप्रिलमध्ये पाच्छा पेठेत सापडला, तेव्हापासून आमच्या भागातल्या लोकांनी खूप सोसलंय. कारखाने बंद असताना विडीवाल्या बायांचा आठवड्याचा हिशोब थांबला. त्यांनी 'दुबईवाला आला' म्हणून दारं लावली तर मनाला लावून घेऊ नका. तुम्ही तिकडून निघण्याआधीच दुसरी जागा ठरवा, आल्यावर रात्री दहाला शोधू नका.

व्हिसाबद्दल एक बदल झालाय. मार्चनंतर संपलेले व्हिसा वर्षअखेरपर्यंत चालतील असं आधी सांगितलं होतं, तो निर्णय १० जुलैला तिकडच्या सरकारने मागे घेतला. ज्यांना परत जायचंय त्यांनी जुन्या बातमीवर विसंबून राहू नये, कंपनीकडून आत्ताच लेखी विचारून घ्यावं.

आणि या आठवड्यात निघूच नका. सोलापूर शहर १६ जुलैच्या मध्यरात्रीपासून २६ पर्यंत पुन्हा कडक बंद आहे. मुंबईत हॉटेलचे दिवस संपत असतील तर दोन-तीन दिवस तिथेच वाढवून घ्या, ते बाळ्याच्या नाक्यावर अडकण्यापेक्षा स्वस्त पडेल. २७ नंतर ज्यांचं विमान आहे त्यांनी मला फोन करा, माझ्या ओळखीचा गाडीवाला बाळ्यातलाच आहे आणि त्याने दर ठरवून सांगितलाय.